बोट, पान, चष्मा

छापखान्यात त्यांना सगळे भिंग म्हणत, आणि नाव ठेवणाऱ्याने काही अन्याय केला नव्हता. खिशात पितळी दांड्याचं भिंग, कानावर लाल पेन्सिल, आणि स्वभाव असा की लग्नाची पत्रिका हातात पडली तरी आधी चूक शोधायची आणि मग लग्न कुणाचं ते बघायचं. चाळीस वर्षं त्यांनी प्रुफं तपासली. कथा-कादंबऱ्यांची नव्हे, त्यांच्या वाट्याला आले आकडे. बसची वेळापत्रकं, भरती-ओहोटीची कोष्टकं, परीक्षांचे निकाल. गोष्टीतली चूक वाचणारा पोटात घालतो, आकड्यातली चूक माणसाला थांब्यावर उभं ठेवते, असं ते म्हणत, आणि दर वेळी नव्यानेच सुचल्यासारखं म्हणत. त्यांच्या हातून एकदाच एक चुकीची गाडी छापून गेली होती. तो विषय घरात काढायचा नाही असं ठरलेलं होतं, कारण निघाला की भिंगकाका ताटावरून उठत.

आता आकड्यांचं प्रूफ एकट्याने तपासता येत नाही. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून ताडून बघायचं. ओळ जुळली की बघणाऱ्याने ‘हं’ म्हणायचं, म्हणजे वाचणारा पुढची ओळ घेतो. छापखान्यात या कामाला पगारी वाचक असे. घरी आणलेल्या कामाला लेक असे. ती जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून तिला टिंब म्हणत, आणि पुढे चांगली उंच झाली तरी टिंबच राहिली. सात वर्षांची असल्यापासून ती संध्याकाळी पाय हलवत खुर्चीवर बसे आणि वाचे, “सहा पाच, सहा वीस, सहा पस्तीस.”

“हं.”

पगारी वाचकाला घरी जायची घाई असे, त्यामुळे तो ‘हं’ची वाट न बघताच पुढे धावे आणि भिंगकाका त्याच्या नावाने बोटं मोडत. लेकीचं तसं नव्हतं. ती ओळ संपली की थांबे, आणि काकांचं बोट पुढच्या ओळीवर टेकलं की नेमकी तेव्हाच सुरू होई. वर्षा-दोन वर्षांत ‘हं’ म्हणणंच बंद पडलं. कधी पडलं ते दोघांनाही कळलं नाही. काकांना वाटे, आपलंच बोट वेळेवर जातं. माणसाला आपल्या सोयीचं तेवढं दिसतं, भिंग खिशात असलं तरी.

पुढे लेक शिकली, प्रोग्राम लिहायच्या नोकरीला लागली, दुसऱ्या शहरात राहायला गेली. काका निवृत्त झाले, पण जित्याची खोड. बस आगाराचं वेळापत्रक तपासायचं काम त्यांनी घरी आणलं. डोळे थकले होते. एकदा मूळ कागद, एकदा प्रूफ अशी नजर फिरवली की मधेच ओळ सुटे. मग लेक रविवारी फोनवरून वाचून दाखवी. पण तिचे रविवारही कामात जायला लागले, तेव्हा ती एकदा घरी आली आणि म्हणाली, “बाबा, मी तुम्हाला एक वाचणारी करून देते. कॉम्प्युटर वाचेल, पण माझ्या आवाजात.”

त्या सुट्टीत ती कपड्यांच्या कपाटात शिरून, दार आतून ओढून घेऊन आकडे बोलत बसली होती. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. शून्यापासून एकोणसाठपर्यंत सगळे आकडे, शिवाय ‘सुटेल’, ‘पोहोचेल’, ‘फक्त रविवारी’. आई इस्त्रीचे कपडे ठेवायला आली तर कपाटातून ‘सदतीस’ ऐकू आलं. त्यावर महिनाभर घरात हसणं चाललं होतं.

प्रोग्राम कुठल्या भाषेत लिहितेस, असं काकांनी विचारलं होतं. कळणार काहीच नव्हतं, पण विचारायचं.

“तुमच्यासारखी भाषा आहे. खडूस,” लेक म्हणाली. “हिला प्रत्येक गोष्टीचं आधी सांगून ठेवावं लागतं, हा आकडा, हे अक्षर, हा आवाज. आकड्याच्या जागी दुसरं काही ठेवलं की मी जिथे लिहिते त्या एडिटरमध्ये लगेच खाली लाल रेघ.”

काकांना ती भाषा न शिकताच आवडली.

मग साधा ताप आला. पहिल्या दिवशी डॉक्टर हसत होते, नवव्या दिवशी हसेनासे झाले, आणि बाराव्या दिवशी सकाळी काका आणि काकू तिच्या खोलीवरचं सामान बांधत होते. चौतीस वर्षांची लेक. यावर बोलायला शब्द नाहीत असं लोक म्हणतात, ते खरं नाही. शब्द पुष्कळ असतात, ऐकवत नाहीत.

ऑफिसचा लॅपटॉप ऑफिसला परत गेला आणि तिथल्या नियमाप्रमाणे पुसला गेला. पुसण्याआधी तिच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने ‘बाबा’ नावाचं फोल्डर तेवढं एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. पेनड्राइव्ह तिने दारातच काकूंच्या हातात दिला. आत या म्हटलं तर आत आली नाही. आठवड्याने फोनवर सांगून सांगून तिने काकांच्या जुन्या कॉम्प्युटरवर एडिटर घालून दिला. त्या भाषेचं प्लगिनही घालून दिलं, म्हणजे लेकीने लिहिलेलं वाचून चूक-बरोबर सांगणारं जोडकाम. एक सेटिंग राहिलं. बाहेरच्या लायब्रऱ्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले जे तयार भाग लेकीने वापरले होते, ते उतरवायचे आणि कुठे ठेवले ते प्लगिनला दाखवून द्यायचं. हे फोनवर जमणार नाही, मी रविवारी येऊन करते, असं ती म्हणाली.

त्या रविवारी ती आली नाही. पुढच्याही नाही. खरं कारण असं होतं की त्या घराच्या गल्लीच्या तोंडापर्यंत ती दोनदा आली होती आणि परत गेली होती.

इकडे काकांनी फोल्डर उघडलं. आवाजांच्या बारक्या बारक्या फायली होत्या. त्यांनी एक दाबली. “सात,” लेक म्हणाली. स्वयंपाकघरात नळ चालू होता तो बंद झाला. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “असं नका करू. मला ती तुकड्या-तुकड्यांनी नको.” काकांनाही नको होती. त्यांना एक अख्खी ओळ हवी होती. सहा पाच, सहा वीस, सहा पस्तीस. तिने वाचावं, आपण बोट ठेवावं, एवढंच. त्याच्यापुढे त्यांनी काही मागितलं नव्हतं.

म्हणून त्यांनी प्रोग्रामची फाईल उघडली, पेनड्राइव्हवरूनच, आणि पडदाभर लाल रेघा निघाल्या. खाली कोपऱ्यात आकडा होता, दोनशे चौदा.

आता इथे दुसरा कुणी असता तर मैत्रिणीची वाट बघत बसला असता. पण चाळीस वर्षं ज्याने लाल खूण म्हणजे चूक आणि चूक म्हणजे झोपेचं खोबरं एवढंच ओळखलं, त्याच्यापुढे लेकीचं लिहिणं दोनशे चौदा चुकांसकट पडलेलं. त्यांना लाज वाटली. स्वतःची नाही, तिच्या वतीने. लोक बघतील आणि म्हणतील, पोरगी अशी गबाळी लिहीत होती. आपल्या माघारी आपलं काम कुणी असं बघू नये, हे छापखान्यातल्या प्रत्येकाला वाटतं. तिच्या माघारी ते नीट करणारं आता आपल्याशिवाय कोण आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं.

काकू म्हणाल्या, “दुसऱ्याच्या लिहिण्याला हात लावू नये.”

“हात कुठे लावतोय. प्रूफ बघतोय,” काका म्हणाले.

रोज सकाळी आंघोळ झाली की ते बसत. भिंग पडद्याला लावून रेघ शोधायची, रेघेवरचा शब्द काढायचा, लाल गेलं का बघायचं. एके ठिकाणचं गेलं की दुसरीकडे उगवे. मग तेही काढायचं. एकशे नव्वद. एकशे बावन्न. काही दिवशी पाच वाढत. वाढले की त्यांचं जेवणात लक्ष नसे. जे काढलं ते कुठे लिहून ठेवावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. दुरुस्त केलेलं प्रूफ ताडून झालं की आधीचं रद्दीत जातं, हा रिवाज. चुका कोण जपून ठेवतो? रोज दुपारी एकला ते सेव्ह करत आणि भिंग खिशात ठेवत. तीन महिने घरात जेवण, औषधं आणि हा आकडा एवढ्याच तीन गोष्टी चालत. काकू आधी विचारत नसत. नंतर ताट वाढताना विचारू लागल्या, आज किती?

एका मंगळवारी शून्य झालं. लाल रेघ नावाला उरली नाही. काकांनी सवयीने कोपऱ्यात ‘तपासले’ लिहायला पेन्सिल उचलली, मग हसून कानावर ठेवली आणि मैत्रिणीला फोन केला. पोरी, सगळं स्वच्छ केलंय, आता फक्त ते तुझं सेटिंग तेवढं कर, म्हणजे वाचेल. मैत्रिणीला काय स्वच्छ केलं ते कळलं नाही. पण त्यांचा आवाज इतका आनंदात होता की तिला भीती वाटली. या खेपेला ती आली.

काकूंनी तिला लेकीच्याच खुर्चीत बसवलं. तिने आधी लायब्रऱ्या उतरवल्या, प्लगिनच्या सेटिंगमध्ये त्यांची जागा लिहिली, एडिटर बंद करून उघडला. काम पंधरा मिनिटांचं होतं. तीन महिन्यांपूर्वीही पंधरा मिनिटांचंच होतं. मग तिने फाईल उघडली आणि खाली-वर करू लागली, एकदा, दोनदा. तिच्या आठवणीत ही फाईल चारशे ओळींची होती. आता सव्वाशे होत्या.

“काका, बाकीचं कुठे आहे?”

“काढलं ना. लाल होतं ते.”

तिने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. मग तिने सांगितलं, शक्य तितकं हळू सांगितलं. प्लगिनला लायब्रऱ्या सापडत नव्हत्या. ज्या ज्या ओळीत बाहेरचं काही वापरलं होतं, ती त्याला अनोळखी वाटत होती, म्हणून लाल. लेकीचं काही चुकलं नव्हतं. दोनशे चौदातली एकही चूक तिची नव्हती.

काकांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, “एकही नाही?”

“एकही नाही. मी फोनवर हे सांगायला हवं होतं काका. मी यायला हवं होतं. मला येववलं नाही.”

काकांनी खिशातलं भिंग काढलं आणि टेबलाच्या खणात ठेवलं, आणि खण लावून घेतला. तीन महिने डोळ्यांत तेल घालून त्यांनी आपल्या लेकीचं बरोबर असलेलं काम खोडलं होतं, आणि त्यांना वाटत होतं आपण तिची अब्रू राखतोय. असं दुःख कुणाला सांगायला गेलं तर ऐकणाऱ्याला हसू येईल की काय, अशी धास्ती वाटते, म्हणून ते जास्तच लागतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते त्यांनी पुसलं नाही.

मैत्रीण मात्र उठली नाही. ती म्हणाली, बघू या काय भरून काढता येतं. आवाजाच्या फायली शाबूत होत्या. आणि भाषा खडूस असल्याचा इथे उपयोग झाला. लायब्रऱ्या सापडून ताळ्यावर आलेलं प्लगिन आता नव्याने एकेक रेघ मारून सांगू लागलं, इथे आवाज वाजवणारं काहीतरी हवं होतं, इथे वेळापत्रकाची ओळ फोडून देणारं काहीतरी. जे नाही त्याची जागा त्याला ठाऊक होती. मैत्रीण त्या जागा भरत गेली. टिंब कशी लिही ते तिने शेजारी बसून सहा वर्षं पाहिलं होतं. दुपारची उन्हं टेबलावरून भिंतीवर गेली. काकूंनी दोनदा चहा ठेवला आणि दोन्ही वेळा तो गार झाला. चारच्या सुमाराला लाल रेघा तीनवर आल्या, आणि तिथे ती थांबली.

“या तीन मला भरता येणार नाहीत,” ती म्हणाली.

काका खुर्ची सरकवून जवळ आले. दुसऱ्या एका छोट्या फाईलमध्ये लेकीने नुसती यादी करून ठेवली होती, कुठली गोष्ट कुठल्या जातीची ती. त्या फाईलला कधी लाल आलं नव्हतं, म्हणून ती काकांच्या हातून वाचली होती. यादीत तीन नावं होती. बोट. पान. चष्मा. तिन्हींपुढे लिहिलं होतं, आकडा. आणि आकडे जिथे होते त्या ओळींतही बाहेरचं काही वापरलेलं होतं, म्हणून लाल दिसलेल्या त्या ओळी काकांनी पहिल्याच आठवड्यात काढल्या होत्या. आता प्लगिन तीनदा तेच म्हणत होतं, इथे एक आकडा हवा.

“हे किती वेळ थांबायचं ते आहे,” मैत्रीण म्हणाली. “बोट म्हणजे ओळ संपल्यावर तुमचं बोट खालच्या ओळीवर जाईपर्यंत. पान म्हणजे पान उलटेपर्यंत.”

“आणि चष्मा?”

“यादीत शेजारी लिहिलंय तिने. बारा-तेरा ओळी झाल्या की बाबा चष्मा पुसतात.”

काकांनी चष्म्याला हात लावला. आपण चष्मा पुसतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्यांनी मान हलवली. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. सात वर्षांची पोर समोरच्या कागदावरून आकडे वाचता वाचता बापाच्या हातांकडे बघत होती, आणि बघत बघत चौतीस वर्षांची झाली होती, आणि बापाला वाटत होतं आपलंच बोट वेळेवर जातं.

प्रोग्राम चालावा म्हणून मैत्रिणीने तिन्ही ठिकाणी शून्य घातलं. लाल गेलं. आगाराचं वेळापत्रक तिने प्रोग्रामला वाचायला दिलं, काकांनी प्रूफ पुढे ओढून पहिल्या ओळीवर बोट टेकवलं, आणि तिने कळ दाबली.

लेक वाचायला लागली. तोच आवाज, कपाटातल्या कपड्यांनी थोडा बसका झालेला. सहा पाच सहा वीस सहा पस्तीस सहा पन्नास सात पाच सात वीस. आकड्यावर आकडा, ओळीवर ओळ, श्वास घ्यायलाही जागा नाही. काकांचं बोट दुसऱ्या ओळीवर जातंय तोवर ती पाचवीवर होती. ते घाईघाईने बोट खाली नेत राहिले, चुकले, पुन्हा वर आले. काकू ओल्या हातांनी खोलीच्या मध्यापर्यंत आल्या.

“एवढी कुठे पळतेय ती?” काकू म्हणाल्या.

मैत्रिणीने ते बंद केलं. मग तिने शून्याच्या जागी एक सेकंद घालून बघितलं, दीड घालून बघितलं, दोन. एकाला ती लवकर येई, दोनला रेंगाळे. दीडला एक ओळ जुळे आणि पुढची चुके. तिने काकांना विचारलं, तुम्हीच सांगा किती. काकांना सांगता येईना. त्यांच्याकडे फक्त बोट होतं. मोजणारी ती होती. आयुष्यभर आकडे तपासलेल्या माणसाला हा एक आकडा येत नव्हता, आणि बरोबर आकडा त्यांनी स्वतःच खोडलेला होता.

शेवटी मैत्रिणीने वेगळी सोय केली. आकड्यांची भानगड नको. प्रत्येक ओळ संपली की ते थांबेल, तुम्ही ही लांब कळ दाबली की पुढची ओळ वाचेल. कळीवर तिने कागदाची लहान चिठ्ठी चिकटवली. आता घाई नाही काका, ती म्हणाली, तुम्ही दाबेपर्यंत ती थांबेल. मग तिने लेकीची खुर्ची जागेवर लावली, काकूंच्या गळ्यात पडली आणि निघाली. रविवारी येते म्हणाली, आणि ती येणारी होती.

काका बसून राहिले. त्यांनी बोट ठेवलं, कळ दाबली.

“सहा पाच, सहा वीस, सहा पस्तीस.”

ओळ जुळली. त्यांनी बोट खालच्या ओळीवर नेलं आणि टेकवलं. आवाज आला नाही. त्यांनी बोट जरा उचलून पुन्हा टेकवलं, तिला दिसावं तसं.

“हं,” ते म्हणाले.

काकू हात पुसत त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मग काकूंनी वाकून ती कळ दाबली.